दादांनी विचारलेला प्रश्न

आमच्या घरात सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही. आजोबांनी बार्शीच्या बाजारपेठेत आडत दुकान घातले, त्या काळापासूनचा हा नियम आहे. ऐन हंगामात, तुरीच्या आणि ज्वारीच्या गाड्या दारात उभ्या असतानाही घरातील कर्ता पुरुष दिवस मावळण्याआधी पाटावर बसलेला असे. जेवणे आटोपली, चौविहाराचे पच्चक्खाण घेतले, की माणसे सामायिकाला बसत किंवा अंथरुणाकडे वळत. या शिस्तीचा आम्हां सर्वांना अभिमान आहे. मात्र याच शिस्तीने आमच्या घरातील एक गोष्ट बावीस वर्षे झाकून ठेवली. माझे थोरले बंधू, ज्यांना सारी पेठ दादा म्हणते, त्यांना अंधारात दिसत नव्हते आणि ते कुणालाही कळले नव्हते.

रात्री जेवायचे नाही, फिरायला जायचे नाही, नाटक-सिनेमा क्वचितच. मग कळणार तरी कसे? दुकानात दिवे गेले, की आम्ही मेणबत्ती शोधण्यासाठी धडपडत असू. दादा मात्र गादीवर तसेच बसून राहत. आई कौतुकाने म्हणे, ‘याचा स्वभाव शांत आहे.’ तो स्वभाव नव्हता. उठले तर पाय कशावर पडेल, याची त्यांना खात्री नव्हती. एकदा नात्यातल्या लग्नाहून परतताना उशीर झाला आणि चांदण्या रात्री, आम्हां सर्वांना स्वच्छ दिसत असलेल्या पायरीवरून दादा खाली कोसळले. तेव्हा प्रथमच डॉक्टरांकडे जाणे झाले. गाजरे खाल्ली, अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या झाल्या. गुण आला नाही. पुढे सोलापूरच्या नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यांत दिवा टाकून पाहिले आणि दृष्टिपटलाच्या कडेला काळे ठिपके जमू लागल्याचे सांगितले. आजाराचे नाव रेटिनायटिस पिगमेंटोझा. आधी रात्रीची दृष्टी जाते, मग कडेची, आणि शेवटी नळीतून पाहावे एवढाच जगाचा तुकडा उरतो. आज दादा अडुसष्ट वर्षांचे आहेत. तो तुकडाही आता मावळला आहे. तरीही मूठभर हरभरा तळहातावर घेऊन त्यातील ओलावा आणि खडा ते आजही आमच्या मुलांपेक्षा अचूक सांगतात.

हा आजार पिढीजात आहे, हे आम्हाला फार उशिरा समजले. आमचे वडील पन्नाशीतच गेले. त्यांनाही संध्याकाळनंतर घराबाहेर पडणे आवडत नसे, एवढेच आता आठवते. दादांच्या मुलाला तोच त्रास सुरू झाला, तेव्हा जनुकांची तपासणी झाली. आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेली एकच सदोष प्रत या प्रकारात पुरेशी असते, म्हणून प्रत्येक अपत्याच्या वाट्याला तो येण्याची शक्यता निम्मी. मी सुटलो. दादा सुटले नाहीत. त्यांची मुलगी सुटली, मुलगा सुटला नाही. आणि त्या मुलाचा अकरा वर्षांचा मुलगा हल्ली तिन्हीसांजेला अंगणात चेंडू शोधताना चाचपडतो.

दादांची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, याच आजाराच्या संशोधनात गुंतली आहे. हैदराबादला शिक्षण झाल्यावर ती कॅनडातील व्हँकूव्हर येथे गेली. ‘मी वाचले, म्हणून हे काम माझेच आहे,’ असे ती एकदा म्हणाली होती. गेल्या वर्षी जून महिन्यात तिच्याकडे महिनाभर जाण्याचा योग आला. निघण्याच्या आदल्या दिवशी दादांनी मला जवळ बसवून घेतले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘तू डोळ्यांनी पाहून ये. पोर मला फोनवर सगळे सांगते, पण एक गोष्ट टाळते असे वाटते. माझ्या डोळ्यांसाठी तिथे कुणाचा जीव जातो का? खरे काय ते मला येऊन सांग.’

मी हो म्हणालो. प्रश्न साधा वाटला होता. उत्तर मिळायला महिना लागला, आणि ते मिळाल्यावर दादांना कसे सांगावे, हा दुसरा प्रश्न उभा राहिला.

जूनमध्ये व्हँकूव्हरला सूर्य रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो. चौविहाराची घाई नव्हती. पुतणी प्रयोगशाळेतून सातला परतली, तरी आम्ही खिडकीतल्या उन्हात बसून सावकाश जेवत असू. डिसेंबरात हाच सूर्य सव्वाचारला जातो, असे तिने सांगितले. ‘मग काय करतेस?’ असे मी विचारले. ‘डबा साडेतीनला उघडते, काका,’ ती हसून म्हणाली. परदेशात एकटी राहणारी मुलगी हा नियम पाळते, याने मला बरे वाटले; आणि मला जे विचारायचे होते ते अधिकच अवघड झाले.

एके दिवशी ती मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. लांबच लांब टेबले, काचेच्या बशा, गुरगुरणारी शीतपेट्यांची रांग. तिने एका पेटीतून बोटाच्या पेराएवढी नळी काढली. तळाशी चार-पाच थेंब पाणी असावे, तसे काहीतरी दिसत होते. ‘काका, माझे सगळे काम याच्यावर चालते. याचे नाव १डी४.’

ते काय आहे, हे तिने मला माझ्या धंद्याच्या भाषेत समजावले. ते मी तसेच वाचकांपुढे ठेवतो.

आपल्या प्रत्येक डोळ्याच्या पडद्यात सुमारे बारा कोटी दंडपेशी असतात. मंद प्रकाशात पाहणे हे त्यांचे काम. प्रत्येक दंडपेशीच्या टोकाला, नाण्यांची चवड रचावी तशा, सुमारे हजार चकत्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्या चकत्यांत ऱ्होडॉप्सिन नावाचे प्रथिन ठासून भरलेले असते. या प्रथिनाच्या पोटात अ जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा रेणू बसवलेला असतो. प्रकाशाचा कण त्यावर पडला की तो रेणू सरळ होतो, त्या धक्क्याने प्रथिनाचा आकार बदलतो आणि मेंदूकडे वर्दी जाते. १८७६ मध्ये फ्रान्झ बोल यांनी बेडकाच्या दृष्टिपटलाचा लालसर रंग उजेडात उडून जाताना पाहिला, ती या द्रव्याची पहिली ओळख. आणि त्यातील अ जीवनसत्त्वाचा कारभार उलगडल्याबद्दल जॉर्ज वाल्ड यांना १९६७ चे नोबेल मिळाले. या चकत्या कायमच्या नसतात. रोज वरची दहावा हिस्सा चवड झडते आणि खालून तेवढाच नवा माल चढतो. म्हणजे दंडपेशीला दररोज नवे ऱ्होडॉप्सिन तयार करून टोकापर्यंत पोचवावे लागते.

‘आता काका, आपल्या दुकानातून पोती जातात, तेव्हा त्यांवर मार्का असतो ना?’ तिने विचारले. असतो. मार्का नसलेले पोते माल चांगला असूनही गुदामात पडून राहते, कारण ते कुणाकडे जायचे हे हमालाला कळत नाही. ‘ऱ्होडॉप्सिन ही ३४८ मण्यांची माळ आहे. शेवटचे काही मणी हा तिचा मार्का. पेशीतली वाहतूक तो वाचूनच माल टोकाकडे नेते. आपल्या घरातल्या सदोष प्रतीत माळ ३४३ मण्यांवरच संपते. शेवटचे पाच मणी नाहीत. माल तयार होतो, पण भलत्याच जागी साठत राहतो आणि शेवटी पेशीच मरते.’

चार पिढ्यांचा अंधार पाच मण्यांत सामावलेला होता. मी बराच वेळ काही बोललो नाही.

आता त्या नळीतील थेंबाकडे येतो. शरीरात परका पदार्थ शिरला की रक्तातील पेशी त्याला ओळखून चिकटणारी प्रथिने बनवतात. त्यांना प्रतिपिंड म्हणतात. प्रत्येक प्रतिपिंडाला एकच आकार ओळखता येतो, एका कुलपाला एकच किल्ली लागावी तसा. १डी४ हे प्रतिपिंड ऱ्होडॉप्सिनच्या शेवटच्या नऊ मण्यांना ओळखते. जिथे मार्का शाबूत आहे तिथे ते बसते. जिथे मार्का तुटला आहे तिथे ते बसत नाही. त्याचे भावंड ४डी२ माळेचे दुसरे टोक, म्हणजे सुरुवात ओळखते, म्हणून ते दोन्ही मालांवर बसते. या दोघांना चमकता रंग जोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की कोणता माल कुठे पोचला आणि कोणता वाटेत अडकला, हे दिसते. पुतणी हे काम प्राण्यांच्या डोळ्यांवर करीत नाही. कुणा अनाम रुग्णाने दिलेल्या रक्तपेशींना पुन्हा मूळपेशींच्या अवस्थेत नेऊन, त्यांपासून बशीत दृष्टिपटलाचे इवलेसे गोळे वाढवतात. त्यांत दंडपेशी तयार व्हायला कित्येक महिने लागतात. पडद्यावर तिने मला चित्र दाखवले. निरोगी पेशींच्या टोकांवर हिरव्या ज्योतींची रांग उभी होती. आजारी पेशींत तो उजेड खाली, पेशीच्या अंगभर, सांडल्यासारखा पसरला होता. दादांच्या डोळ्यांत अडुसष्ट वर्षे काय चालले होते, ते मी त्या दिवशी पाहिले.

मग मी दादांचा प्रश्न विचारला. व्यापाऱ्याने विचारावा तसा: ‘बेटा, हा माल येतो कुठून?’

ती क्षणभर थांबली. पण लपवले तिने काही नाही. हे प्रतिपिंड याच व्हँकूव्हरमधले, ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले. रॉबर्ट मोल्डे आणि डोनाल्ड मॅकेन्झी यांनी १९८३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. गोवंशाच्या डोळ्यांतील ऱ्होडॉप्सिन उंदराच्या शरीरात टोचले गेले. उंदराच्या शरीराने त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली. ती बनवणाऱ्या पेशी प्लीहेत असतात. प्लीहा काढून घेतात. उंदीर वाचत नाही. त्या पेशींचा, न थांबता वाढत राहणाऱ्या एका प्रकारच्या कर्करोगपेशींशी संयोग घडवतात, म्हणजे एकाच जातीचे प्रतिपिंड अखंड देणारा पेशीवंश हाती येतो. ही युक्ती केंब्रिजमध्ये जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधली आणि त्यासाठी १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. गाय आणि माणूस यांच्या ऱ्होडॉप्सिनचे ते शेवटचे नऊ मणी अगदी एकसारखे आहेत, म्हणून गाईच्या प्रथिनावरून घडलेली ही किल्ली माणसाच्या कुलपालाही लागते.

‘म्हणजे पेशीवंश एकदा मिळाला, की पुन्हा उंदीर लागत नाही?’

‘लागू नये. पूर्वी त्या पेशी उंदराच्या पोटात वाढवून तिथले पाणी काढत. फार वेदनेचे काम. आता बाटलीत वाढवतात.’ मग थोडे थांबून तिने स्वतःच पुढे सांगितले, ‘पण बाटलीतल्या पोषणद्रवातही पुष्कळदा वासराच्या रक्ताचा अंश असतो, काका. तो न वापरताही पेशी वाढवता येतात. पण सगळे तसे करीत नाहीत.’

मी पडद्यावरच्या हिरव्या ज्योतींकडे बोट केले. ‘आणि हा रंग? तो कुठून आला?’

या प्रश्नाची तिला अपेक्षा नव्हती. रंग १डी४ ला थेट लावलेला नव्हता. १डी४ ला ओळखणारे दुसरे एक प्रतिपिंड असते, त्याला रंग जोडलेला असतो. ते दुसरे कशातून मिळते, हे तिने नळीवरचे अक्षर वाचून सांगितले: बकरीच्या रक्तातून. आणि त्यासाठी पेशीवंश नसतो. बकऱ्या पाळतात, टोचतात आणि पुन्हा पुन्हा त्यांचे रक्त काढतात. ‘इतकी वर्षे वापरतेय,’ ती म्हणाली, ‘नाव रोज वाचतेय. पण असा विचार केला नव्हता.’

व्यापारात ज्याच्याकडून आपण माल घेतो त्याला ओळखतो. त्याने तो कुणाकडून घेतला, हे सहसा विचारत नाही. अडचण तिथेच लपलेली असते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपल्याकडे हिंसेचे चार प्रकार लहानपणीच शिकवतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी. गृहस्थाने संकल्पी हिंसा सर्वथा टाळावी, बाकीच्यांत यतना ठेवावी. मी उंदराच्या मृत्यूला यांपैकी एका कप्प्यात बसवू पाहत होतो आणि तो बसत नव्हता. कुणालाही त्याला मारण्यात आनंद नव्हता. पण तो अनवधानानेही मेला नव्हता. शिवाय कृत, कारित आणि अनुमोदित, म्हणजे स्वतः केलेले, करवलेले आणि संमती दिलेले, हा हिशेब आपण प्रतिक्रमणात दरवेळी करतो. पुतणीने उंदीर मारला नाही. तो तिच्या जन्माआधीच मेला होता. पण ती नळी विकत घेणारा प्रत्येक हात त्या साखळीत येतो. आणि तिच्या कामाकडे आशेने पाहणारा मीही येतो, दादाही येतात.

दुसरी बाजूही मला दिसत होती. पुतणीने हरगोविंद खुराना यांचे उदाहरण दिले. मुलतानजवळच्या रायपूर या खेड्यात जन्मलेल्या, १९६८ चे नोबेल मिळवलेल्या या शास्त्रज्ञाने उत्तरायुष्यातील संशोधन बहुतांशी ऱ्होडॉप्सिनला वाहिले. एरवी हे प्रथिन मिळवायचे तर कत्तलखान्यातून गुरांचे डोळे आणावे लागत. खुरानांच्या अमेरिकेतील गटाने १९८६ मध्ये ऱ्होडॉप्सिनचे जनुक कृत्रिमरीत्या जुळवले आणि पुढच्या वर्षी, मोल्डे यांच्या साहाय्याने, बशीत वाढवलेल्या पेशींत ते प्रथिन बनवून हेच १डी४ वापरून गाळून शुद्ध केले. म्हणजे ज्या किल्लीसाठी एक उंदीर गेला, त्याच किल्लीने गुरांच्या डोळ्यांशिवाय काम करण्याचा एक दरवाजाही उघडला. हे ऐकून मला हायसे वाटले. आणि हायसे वाटले याचीच भीती वाटली. जमेची बाजू मोठी आहे म्हणून नावेची नोंदच पुसून टाकणारा मुनीम आपण दुकानात ठेवू का?

मला चांदीच्या वर्खाची आठवण झाली. आमच्या लहानपणी मिठाईवर वर्ख असे, प्रतिमांच्या आंगीवरही वर्ख चढे. तो जनावरांच्या आतड्यांच्या कातडी पानांमध्ये ठोकून बनवतात, हे कळल्यावर आमची आई दिवसभर जेवली नव्हती. तिने कितीतरी वर्षे भक्तिभावाने तो वर्ख आणला होता. पुढे समाजातून प्रश्न विचारले जाऊ लागले. महाराजसाहेबांनी प्रवचनांतून सांगितले, गिऱ्हाईक हलवायाला विचारू लागले आणि यंत्रावर कागदात बनवलेला वर्ख बाजारात मिळू लागला. मागणारा हात ‘हा नको, तो दे’ म्हणाला, म्हणून बनवणाऱ्या हाताने रीत बदलली. मागील वर्षांचा वर्ख काही परत गेला नाही.

सकाळी मी पुतणीला विचारले, ‘यंत्रावरचा वर्ख तुमच्याकडे मिळतो का?’ संदर्भ सांगितल्यावर ती खूप हसली आणि मग गंभीर झाली. मिळतो, असे तिचे उत्तर होते. प्रतिपिंडाची अमिनो आम्लांची क्रमवारी एकदा वाचली, की ती कृती बशीतल्या पेशींना देऊन तेच प्रतिपिंड हवे तितके बनवता येते. १डी४ चीही अशी रूपे निघाली आहेत. याहून पुढची पायरी म्हणजे प्रतिपिंडांच्या कोट्यवधी नमुन्यांचा साठा जिवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंच्या अंगावर तयार ठेवायचा आणि त्यातून हवी ती किल्ली निवडायची; उंदीर मुळातच नाही. या पद्धतीसाठी जॉर्ज स्मिथ आणि ग्रेगरी विंटर यांना २०१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. प्राण्यांच्या शरीरात न बनवलेलीच प्रतिपिंडे यापुढे वापरावीत, अशी शिफारस युरोपीय संघाच्या संशोधन केंद्राने २०२० मध्ये केली आहे. ‘मग अडते कुठे?’ मी विचारले. ‘सवयीत,’ ती म्हणाली. ‘जुने प्रतिपिंड जसे बसते तसेच नवे बसते का, हे तपासण्यात आठवडे जातात. माझे पुढचे निष्कर्ष लांबतील. प्रमुखांना पटवावे लागेल. आणि बकरीचे वगळले तर चित्र फिके येईल, कारण एका १डी४ वर ती रंगीत प्रतिपिंडे अनेक बसतात, त्याने उजेड वाढतो.’

मी तिला काही कर असे सांगितले नाही. तिच्या नोकरीची मुदत, तिचे वय, घरात चाचपडणारा तिचा भाचा, हे सारे मला माहीत होते. ज्याला किंमत मोजायची नाही त्याने दुसऱ्याला व्रत देऊ नये, असे आपल्याकडे मानतात. परतीच्या दिवशी विमानतळावर तीच म्हणाली, ‘पप्पांना सगळे सांगा. बकरीचेही सांगा. मी फोनवर टाळत होते, हे त्यांनी ओळखले असेल.’

बार्शीला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मी दादांसमोर बसलो. काहीही कमी-जास्त न करता सांगितले. दादा मान खाली घालून ऐकत होते. सगळे संपल्यावर त्यांनी विचारले, ‘उंदीर किती?’

‘हा पेशीवंश ज्याच्यापासून आला तो एक.’

‘त्या एकापर्यंत पोचायला किती?’

‘ते मला सांगता यायचे नाही, दादा.’

‘आणि गुरांचे डोळे?’

मी गप्प राहिलो. दादाही बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘पोरीला काम सोड म्हणायचा अधिकार मला नाही. नातवाचे डोळे आहेत. पण मला ठाऊक नव्हते, असे आता म्हणता येणार नाही.’ तेवढेच बोलून ते सामायिकाला बसले.

मी मनात धरून बसलो होतो की दादा एकतर मला धीर देतील किंवा नाराज होतील. त्यांनी दोन्ही केले नाही. पर्युषणात संवत्सरी प्रतिक्रमणाच्या वेळी मी त्यांच्या शेजारी होतो. चौऱ्याऐंशी लाख योनींतील जीवांची क्षमा मागताना आपली जीभ सरावाने पुढे सरकते. इतक्या मोठ्या संख्येत कुणी एक जीव डोळ्यांसमोर येत नाही. त्या दिवशी माझ्यापुढे एक उंदीर होता आणि कुठल्याशा गोठ्यातील बकऱ्या होत्या. दादांच्या मिटलेल्या डोळ्यांपुढे कोण होते, हे मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सर्वांना ‘मिच्छा मि दुक्कडम्’ म्हणून झाल्यावर त्यांनी पुतणीला फोन लावायला सांगितला आणि तिची क्षमा मागितली. ‘माझ्या डोळ्यांचे ओझे तुझ्या हातावर आले,’ असे काहीसे ते म्हणाले. पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही.

दिवाळीत वहीपूजन झाले. नवी वही उघडली, ‘श्री’ काढले, लाभ-शुभ लिहिले. त्यानंतर दादांनी मला घरखात्याच्या वहीत एक नवे पान घालायला सांगितले. पांजरापोळीला दरवर्षी ठरावीक रक्कम जावी, असे त्यांच्या मनात होते. मी रक्कम ‘धर्मादाय’ या सदरात लिहू लागलो, तसा त्यांनी माझा हात धरला. ‘धर्मादाय नको. तो पुण्याचा रकाना झाला. देणे या खात्यात लिही.’

‘फेड कधी धरायची?’ मी विचारले.

‘फिटत नाही ते. वाढू नये, एवढे पाहायचे.’

पाडव्याच्या दिवशी पुतणीचा निरोप आला. सोबत एक चित्र होते. प्रमुखांनी तिला दोन महिन्यांची मुभा दिली होती. पेशींत बनवलेले १डी४, वासराच्या रक्ताशिवायच्या द्रवात तयार केलेले. आणि बकरीचे प्रतिपिंड वगळून रंग थेट त्याच्यावरच जोडलेला. ४डी२ लाही तसाच, वेगळा रंग. चित्र खरोखरच आधीपेक्षा फिके होते. पण दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन इतके विपुल असते, की तेवढा उजेड पुरला. शिवाय एक अनपेक्षित लाभ झाला. आधी दोन्ही प्रतिपिंडे उंदराचीच असल्याने बकरीच्या रंगाला त्यांतला भेद कळत नसे, म्हणून शेजारशेजारचे दोन काप घेऊन अंदाज बांधावा लागे. आता दोन्ही रंग एकाच पेशीत, एकाच वेळी दिसत होते: पोचलेला माल एका रंगात, अडकलेला दुसऱ्या. ‘प्रयोगशाळेतल्या आणखी दोघांनी ही पद्धत मागितली आहे,’ असे तिने शेवटी लिहिले होते. तिची बाकीची कामे अजून जुन्याच नळ्यांवर चालतात, हेही तिने लिहिले होते.

या आजारावर आजमितीला औषध नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. दृष्टिपटलाच्या दुसऱ्या एका जनुकाच्या दोषावर २०१७ मध्ये अमेरिकेत जनुकोपचाराला मान्यता मिळाली. आमच्या घरातील दोषाला ती वाट अजून खुली झालेली नाही. नातवाचे डोळे वाचतील की नाही, हे मी लिहू शकत नाही. ज्यांच्या घरात कुणी मूल तिन्हीसांजेला चाचपडत असेल, कुणी वडीलधारे अंधार पडताच एका जागी ‘शांत’ बसून राहत असतील, त्यांनी ते स्वभावावर न घालता नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, एवढी विनंती मात्र करतो. आणि समाजातील जी मुले-मुली आज औषधनिर्मितीत, प्रयोगशाळांत, रसायनांच्या व्यापारात आहेत, त्यांना एका आडत्याचे सांगणे असे, की नळीवरचे अक्षर वाचताना त्यामागचा पुरवठादारही एकदा विचारावा.

ते चित्र मी दादांना वर्णन करून सांगितले. कोणता रंग कुठे आहे, ज्योती कशा उभ्या आहेत, आजारी पेशीत उजेड कसा खाली सांडला आहे. त्यांनी दोनदा ऐकले. मग विचारले, ‘फिके आहे म्हणालास. किती फिके?’

मी म्हणालो, ‘दिवेलागणीला अंगणात जेवढे दिसते, तेवढे.’

दादा हसले. तेवढे त्यांना कधीच दिसले नव्हते. ‘मग पुष्कळ झाले,’ ते म्हणाले, आणि घड्याळाला हात लावून वेळ पाहून, सूर्य मावळायच्या आत, जेवायला उठले.